कर्कगेट बाजार: लीड्समधली एका पेनीची फळी

इंग्लंडमधल्या लीड्स शहरात जॉर्ज स्ट्रीटच्या एका अंगाला व्हिक्टोरिया गेट आहे, २०१६ साली उघडलेलं चकचकीत शॉपिंग सेंटर. समोर कर्कगेट मार्केट. बहुतेक पर्यटक सेंटरमध्येच रमतात. मी रस्ता ओलांडला.

बाजारात शिरावं ते विकर लेनच्या दारानं. १९०४ सालचा हा दर्शनी भाग खरा देखणा: काचेचं छप्पर, लोखंडी खांब आणि सज्जा पेलून धरणारे ओतीव ड्रॅगन. खाली भाजी घेणाऱ्यांपैकी कुणी वर बघत नव्हतं, ते सोडा. १९७५ च्या आगीत मागचा मोठा भाग जळाला. त्या जागी उभी राहिलेली दालनं अगदीच गोदामवजा आहेत, पण खाण्याची खरी मजा तिकडेच.

ज्यासाठी आलो होतो ती गोष्ट मात्र वेगळी. १८८४ साली मायकेल मार्क्स नावाच्या तरुणानं इथल्या उघड्या बाजारात फळी मांडली. आजच्या बेलारूसमधल्या स्लोनिमचा ज्यू निर्वासित, इंग्रजी जेमतेम, भांडवल उसन्या पाच पौंडांचं. घासाघीस करायची तर जीभ चालायला हवी! त्यानं सरळ पाटी लावली: ‘किंमत विचारू नका, एक पेनी.’ १८९४ मध्ये टॉम स्पेन्सरनं तीनशे पौंड घालून निम्मी भागीदारी घेतली आणि मार्क्स अँड स्पेन्सर ही दुकानांची साखळी उभी राहिली. त्यांचं घड्याळ बाजारात आहे. पलीकडच्या सेंटरमध्ये किमतीची चिठ्ठी बघून, कुणाशी अवाक्षर न बोलता माणसं खरेदी करतात. ती रीत रुजवण्यात या फळीचाही वाटा आहे, असं मला वाटतं.

बाजार स्वतः मात्र अजून बोलतो. खाटकांच्या रांगेत आरोळ्या, मासळीच्या रांगेत बर्फावर हॅडॉक, आणि “काय देऊ, लव्ह?” ही विचारणा लहानथोर सगळ्यांना. कोथिंबीर आणि भेंडीही दिसली.

फेब्रुवारी असल्यामुळे रूबार्बचा, म्हणजे देठ शिजवून खातात अशा एका आंबट वनस्पतीचा, हंगाम होता. लीड्स, वेकफिल्डच्या परिसरात त्याची मुळं दोन वर्षं शेतात वाढवतात, थंडीचा कडाका खाऊ देतात, मग काळोख्या शेडमध्ये हलवतात. उजेड लागू नये म्हणून तोडणी मेणबत्तीच्या प्रकाशात. त्यामुळे देठ गुलाबी आणि कोवळे राहतात. वनस्पती आपल्या चुक्याच्याच कुळातली, आंबटपणाही तसाच. एक जुडी घेतली. विक्रेतीनं बजावलं, साखरेत हात आखडू नकोस आणि पानं चुकूनही खाऊ नकोस, विषारी असतात.

देठ साखर घालून मंद आचेवर शिजवले. गुलाबी रस सुटला. सोबत दाटसर दही. पुढच्या वेळी आलंही किसून घालणार आहे.