परिचारिकेला पाच वर्षे, डॉक्टरांना दोन

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, आणि तेव्हापासून एकाच खाटेच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या डॉक्टर आणि सिस्टर यांच्यासाठी फौजदारी कायद्याची मापे वेगळी झाली आहेत. संहितेच्या कलम १०६(१) प्रमाणे हयगयीच्या कृत्यामुळे कोणाचा मृत्यू ओढवला तर पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. तेच कृत्य नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीने वैद्यकीय प्रक्रिया करताना केलेले असेल तर कारावासाची मर्यादा दोन वर्षांची आहे. ही सवलत कोणाला, हे कलमाच्या स्पष्टीकरणातच सांगितले आहे: ज्याची अर्हता राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ खाली मान्य आहे आणि ज्याचे नाव त्या कायद्याखालच्या राष्ट्रीय किंवा राज्य नोंदवहीत आहे, त्याला. परिचारिकेची नोंदणी नर्सिंग कौन्सिलकडे होते, त्यामुळे ती या व्याख्येत बसत नाही. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये दोघांनाही दोन वर्षांचीच मर्यादा होती. म्हणजे नव्या कायद्याने डॉक्टरांना होते तेथेच ठेवले आणि त्यांनी लिहून दिलेले इंजेक्शन टोचणाऱ्या सिस्टरची शिक्षा अडीचपट केली.

हे कसे घडले हेही लपलेले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये विधेयक लोकसभेत आले तेव्हा गृहमंत्र्यांनी इंडियन मेडिकल असोसिएशनच्या विनंतीचा उल्लेख करून डॉक्टरांसाठी ही तरतूद पुढे केली. डॉक्टरांच्या संघटनेने आपल्या सभासदांसाठी बोलणे रास्तच होते. मात्र औषध प्रत्यक्ष देण्याचे काम ज्यांच्याकडे असते त्यांची आठवण मसुदा करणाऱ्यांपैकी कोणालाही झाली नाही, आणि परिचारिकांच्या संघटनांचा आवाजही त्या सभागृहापर्यंत पोहोचला नाही. इंदूरच्या इस्पितळांत नोकरीची सगळी वर्षे वॉर्डात काढून आता मी निवृत्त झाले आहे, आणि रामबाग, तिलकनगर भागातल्या ओळखीच्या मराठी घरांतून नर्सिंग शिकणाऱ्या मुली शंका घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्यापैकी एकीलाही हा फरक कॉलेजात कोणी सांगितलेला नव्हता.

औषधाच्या चुकीसाठी परिचारिकेला गुन्हेगार ठरवावे का, या प्रश्नावर जगभर ज्या खटल्याचा दाखला दिला जातो तो अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातला आहे. डिसेंबर २०१७ मध्ये तेथील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या इस्पितळात मेंदूतील रक्तस्रावासाठी दाखल झालेल्या ७५ वर्षांच्या एका बाईंना स्कॅनच्या वेळी भीती वाटू नये म्हणून व्हर्सेड, म्हणजे मिडाझोलाम, देण्याचा आदेश होता. रॅडोन्डा वॉट या परिचारिकेने संगणकीकृत औषधकपाटावर नावाची पहिली दोन इंग्रजी अक्षरे टाकली; कपाट कंपनीच्या नावाऐवजी मूळ औषधाच्या नावाने शोधत असल्यामुळे व्हर्सेड सापडले नाही, तेव्हा ओव्हरराइड करून, म्हणजे कपाटाची नेहमीची अट ओलांडून, तिने जी कुपी काढली ती त्याच दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या व्हेक्युरोनियमची निघाली. हे औषध श्वासाच्या स्नायूंसकट सारे शरीर लुळे पाडते आणि शुद्ध मात्र हरपू देत नाही. बाई दुसऱ्या दिवशी गेल्या.

या परिचारिकेला सरसकट निर्दोष म्हणणाऱ्यांच्या बाजूची मी नाही. व्हर्सेड द्रवरूप असते, व्हेक्युरोनियमची पूड पाणी घालून विरघळवावी लागते. कुपीच्या झाकणावर हे स्नायू लुळे पाडणारे औषध असल्याचा इशारा छापलेला होता. आणि इंजेक्शन दिल्यावर रुग्णाजवळ थांबून श्वासावर लक्ष ठेवले गेले नाही. वॉर्डात महिनाभर काम केलेल्या मुलीलाही पूड पाहून थांबावेसे वाटले पाहिजे. परंतु चूक कळताच तिने ती कबूल केली, वरिष्ठांना सांगितली, आणि पुढे जे घडले त्यात लपवाछपवी तिची नव्हती. इस्पितळाने तिला कामावरून काढले, कुटुंबाशी न्यायालयाबाहेर तडजोड केली, आणि मृत्यूच्या कारणाची नोंद होताना औषधाची गोष्ट पुढे आलीच नाही. नियामकांना ती समजली २०१८ मध्ये, एका निनावी तक्रारीमुळे. मार्च २०२२ मध्ये ज्युरीने वॉटला हयगयीच्या सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरले, मे महिन्यात न्यायाधीशांनी तुरुंगाऐवजी तीन वर्षांची देखरेखीखालची परिवीक्षा (प्रोबेशन) दिली. परवाना त्याआधीच गेला होता. इस्पितळातल्या दुसऱ्या कोणावरही फौजदारी खटला झाला नाही. तो तपास करताना सरकारी वकिलांना फक्त शेवटचा हातच दिसावा, हे मला त्या कुपीइतकेच खटकते.

२०२४ मध्ये अमेरिकेतल्याच केंटकी राज्याने कायदा करून आरोग्यसेवकांच्या प्रामाणिक चुकांना फौजदारी कारवाईतून वगळले, घोर निष्काळजीपणा आणि हेतुपुरस्सर कृत्य यांचा अपवाद ठेवून. मला हीच रेघ योग्य वाटते.

आपल्याकडच्या वॉर्डात मात्र संगणकाचे कपाटही नसते. ट्रॉलीच्या एका खणात डिस्टिल्ड वॉटर आणि पोटॅशियम क्लोराइडचे अॅम्प्युल शेजारी पडलेले मी पाहिले आहेत, दोन्हींतले पाणी सारखेच पारदर्शक. तीव्र पोटॅशियम सौम्य न करता थेट शिरेत गेले तर हृदय थांबते, म्हणून ते सर्वसाधारण वॉर्डातून हलवून फार्मसीत कुलपात ठेवावे असे जागतिक आरोग्य संघटना कितीतरी वर्षे सांगत आहे. सरकारी इस्पितळात निविदा बदलली की कंपनी बदलते, आणि काल ज्या रंगाच्या लेबलावर डोळा बसला होता त्या रंगात आज दुसरेच औषध येते. खासगी नर्सिंग होममध्ये नातेवाईक चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मेडिकलमध्ये जातात आणि दुकानदाराने दिलेला ‘सब्स्टिट्यूट’ घेऊन येतात. रात्री अडीच वाजता ते नाव मूळ आदेशाशी जुळवून पाहण्याचे काम, चाळीस खाटांमागे दोघी असलेल्यांपैकी एका सिस्टरचे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच नियम आम्ही मुलींकडून पाठ करून घेतो. ते पाळता येतील अशी व्यवस्था करण्याची जबाबदारी कोणाची, हे मात्र कोठेच लिहिलेले नसते.

चूक नजरेच्या पलीकडे असू शकते, हे इंदूरला वेगळे सांगायला नको. मे २०१६ मध्ये येथील सरकारी एम. वाय. हॉस्पिटलच्या नव्या ऑपरेशन थिएटरात प्राणवायूच्या नळीतून नायट्रस ऑक्साइड हा भुलीसाठी वापरायचा वायू आला आणि दोन मुले दगावली. दोष नळ्यांच्या जोडणीत होता. टेबलापाशी उभ्या असलेल्यांना तो दिसणे शक्यच नव्हते. तो वायू अॅम्प्युलमध्ये असता आणि एखाद्या सिस्टरने तो हाताने दिला असता, तर तपास तेथेच संपला असता असे मला राहून राहून वाटते. २०२५ मध्ये त्याच इस्पितळात नवजात बालकांना उंदीर चावल्याचे प्रकरण झाले, तेव्हाही निलंबनाच्या पहिल्या यादीत नर्सिंग कर्मचारीच होते.

सर्वोच्च न्यायालयाचा जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य हा २००५ चा निकाल या विषयाचा पाया आहे. लुधियानाच्या इस्पितळात श्वास अडकलेल्या रुग्णासाठी आणलेला सिलिंडर रिकामा निघाला आणि खटला डॉक्टरांवर झाला. साधी हयगय नुकसानभरपाईस पुरेशी असली तरी फौजदारी गुन्ह्यासाठी ती घोर स्वरूपाची असली पाहिजे, स्वतंत्र वैद्यकीय मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये आणि उठसूट अटक करू नये, असे न्यायालयाने म्हटले. सिलिंडर रिकामा का होता, यासाठी इस्पितळ दिवाणी कायद्याने जबाबदार असू शकेल किंवा नसेलही, त्यावर मत देण्याचे टाळले. या निकालाची भाषा डॉक्टरांची आहे. तिचे तत्त्व सिस्टरलाही लागू व्हावे असा युक्तिवाद वकील करू शकतात आणि त्यांनी तो करावा, पण ठाण्यातल्या फौजदाराला तो पाठ नसतो. स्वतंत्र मत मागवले गेलेच तर ते डॉक्टरांचे असते. रात्रपाळीत ट्रॉली सांभाळणे म्हणजे काय हे जाणणारी एखादी ज्येष्ठ परिचारिका त्या समितीत असावी, ही माझी मागणी अवास्तव नाही.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांच्या चौकशीचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, सीबीआयकडे सोपवले गेले, आणि २०२४ मध्ये अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयच्याच अधिकाऱ्यांना अटक झाली. इस्पितळच नसलेल्या कॉलेजातून प्रमाणपत्र घेऊन आलेली मुलगी उद्या मात्रा चुकली तर मृताच्या आईवडिलांना मी कोणत्या तोंडाने ‘व्यवस्थेचा दोष’ सांगणार? त्यांना न्याय हवाच, आणि तो त्या मुलीला अतिदक्षता विभागात उभी करणाऱ्या संचालकापर्यंत गेला पाहिजे. संसदेने निदान एवढे करावे की कलम १०६(१) च्या स्पष्टीकरणात नोंदणीकृत परिचारिकांचा समावेश करावा. त्यामुळे खरोखर नोंदणी आहे का, हाही प्रश्न प्रत्येक प्रकरणात विचारावाच लागेल.

येणाऱ्या मुलींना तोपर्यंत मी एकच पद्धत सांगते. चुकीचे औषध गेले असे वाटताच आधी ड्युटी डॉक्टरांना बोलवा, कारण कित्येक औषधांवर उतारा असतो आणि तो मिनिटांवर अवलंबून असतो. रिकामा अॅम्प्युल फेकू नका. केस शीटवर वेळेसह लिहा आणि लिहिलेले खोडू नका. त्या लगेच विचारतात, की हेच लिखाण पुढे आपल्याविरुद्ध वापरले जाईल ना? जाऊ शकते, असेच उत्तर मला द्यावे लागते, आणि मग मी त्यांना न्याय संहितेचेच कलम २३८ वाचायला देते, ज्याप्रमाणे पुरावा नाहीसा करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.