साहेबांनी न दिलेली सूचना

2020 च्या जूनमध्ये मी रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी होते. पदाचं नाव भारदस्त. काम म्हणजे गोळ्या मोजा, रजिस्टरं भरा आणि लशींचा फ्रीज सांभाळा. या फ्रीजला आम्ही आयएलआर (आइस लाइन्ड रेफ्रिजरेटर) म्हणतो. आतलं तापमान 2 ते 8 अंशांच्या मध्येच राहिलं पाहिजे, आणि ते रोज दोनदा बघून लिहायचं.

आमचे साहेब, म्हणजे केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, पेशंटसाठी देवमाणूस, पण कागद समोर आला की त्यांना घाम फुटायचा. कुठल्याही टिपणीवर शेरा ठरलेला, 'चर्चा करावी'. चर्चेला गेलं की खेकसायचे. जनरेटरचं डिझेल हा तर दुखरा विषय. आधीच्या ठिकाणी डिझेलच्या बिलावरून त्यांना कारणे दाखवा नोटीस निघाली होती, हे मला ड्रायव्हरने फार उशिरा सांगितलं. तोवर मी त्यांना मनातल्या मनात नाही नाही ते बोलून घेतलं होतं.

1 जूनला बातम्या सुरू झाल्या. हरिहरेश्वर ते दमणच्या दरम्यान, अलिबागजवळ वादळ धडकणार. मी केबिनमध्ये गेले. "सर, वादळाचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? मागच्या वर्षी वायू आलं, क्यार आलं. आली तशी गेली. मॅडम, इथे कोरोनाने जीव नको केलाय. तुम्ही तुमचं काम करा."

माझा प्रश्नच चुकला होता. ज्याला निर्णयाची धास्ती आहे त्याच्यापुढे कोरा प्रश्न टाकला की तो अंगावर येणारच. बाहेर आले आणि खरंच माझं काम केलं. लस थंड ठेवायचे आइस पॅक रेघेपर्यंत पाण्याने भरले, पुसले आणि डीप फ्रीझरमध्ये उभे लावले. त्याला कुणाची सही लागत नाही.

रात्री मात्र झोप येईना. लाइट गेली आणि चार दिवस आलीच नाही तर? आयएलआरला चोवीस तासांत आठेक तास वीज मिळाली तरी तो तग धरतो. पण ते आठ तास आणायचे कुठून?

2 तारखेला सकाळी मी टिपणी लिहिली. सुरुवातच अशी केली: 'मा. वैद्यकीय अधिकारी यांनी दिलेल्या तोंडी सूचनेनुसार...' पुढे, डिझेल 40 लिटर आजच आणावे. वीज गेल्यास जनरेटर सकाळ-संध्याकाळ चार-चार तास चालवावा. आयएलआर विनाकारण उघडू नये. तापमान 8 च्या वर जाऊ लागल्यास लस कोल्ड बॉक्समध्ये भरून, वीज असलेल्या जवळच्या रुग्णालयात रुग्णवाहिकेने हलवावी. अशी सूचना त्यांनी दिली नव्हती. म्हणजे मी चक्क खोटं लिहिलं. आजही ते मला फार अभिमानाचं वाटत नाही.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत उभी. पेन उघडल्याचा आवाज आला. 'चर्चा करावी' नाही, नुसती सही आणि तारीख.

3 जूनला सकाळी साहेबांना तालुक्याला बोलावणं आलं आणि ते तिकडेच अडकले. दुपारी निसर्ग वादळ आलं. माड वाकताना पाहिले होते, मुळासकट पडताना तेव्हा पाहिले. समोरच्या वाडीतल्या सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. शेजारच्या शाळेचे पत्रे आमच्या आवारात येऊन पडले. वीज सकाळीच गेली होती, मग फोनची रेंजही गेली. विचारायचं कुणाला?

डिझेल दोन दिवस पुरलं. 5 तारखेला दुपारी तापमापीचा काटा 7 च्या पुढे सरकला. ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांच्या ऑर्डरशिवाय गाडी काढणार नाही हां." मी सहीचा कागद पुढे केला. त्याने तो ओठ हलवत वाचला आणि चावी घ्यायला गेला.

मग आइस पॅक टेबलावर मांडून बसलो. फ्रीझरमधून काढलेला पॅक थेट लशीला भिडवला तर पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी गोठून बाद होतात. पॅकला घाम सुटेपर्यंत थांबायचं, मग एकेक कानाशी धरून हलवायचा. आत पाण्याची खळखळ ऐकू आली की तयार. आमचे शिपाईमामा एखाद्या बर्फ-कारखान्यात उमेदवारी केल्यासारखे मन लावून एकेक पॅक कानाला लावत होते. "मॅडम, हा बोलला," म्हणायचे आणि माझ्याकडे द्यायचे.

वाटेत लोक करवतीने झाडं कापत होते, तेवढ्या फटीतून गाडी काढत जनरेटर चालू असलेल्या रुग्णालयात पोचलो. उष्णतेला पोलिओची कुपी सगळ्यात नाजूक, म्हणून आधी तीच पाहिली. लेबलवरच्या वर्तुळातला, उष्णतेने गडद होत जाणारा चौकोन अजून पांढरट होता. तो वर्तुळाइतका गडद झाला असता तर लस फेकावी लागली असती.

पुढे आढावा बैठकीत साहेबांनी सांगितलं, "मी आदल्या दिवशीच लेखी सूचना दिल्या होत्या." मी मागच्या रांगेत होते. राग आला, खोटं कशाला सांगू. सही त्यांची होती हेही खरंच.

त्यानंतर जुलैत, मुसळधार पावसाचा इशारा आलेल्या एका सकाळी साहेब औषधांच्या खिडकीशी आले. इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, आज माझी काय सूचना आहे?"