तुम्ही विचारलंत म्हणून: फेलोशिप घेऊन डॉक्टरला मिळतं काय?

पोस्टिंगला आलेली मुलं दर बॅचला विचारतात, पालकसभेत त्यांचे आईवडीलही विचारतात: "मॅडम, आयसीएमआरचं एसटीएस करून, किंवा पुढे रिसर्च फेलोशिप घेऊन करिअरला नेमका काय फायदा? नीट-पीजीचे मार्क तर वाढत नाहीत." एसटीएस म्हणजे आयसीएमआरची, अर्थात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, एमबीबीएसच्या मुलांसाठीची छोटी संशोधन-शिष्यवृत्ती; फेलोशिप म्हणजे ठरावीक काळ संशोधन करता यावं म्हणून मिळणारे पैसे; आणि नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा. मी पीएसएम, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवते, मुलांची प्रपोजल्स तपासते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. वॉर्डकडे जाताजाता त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे.

मार्क वाढत नाहीत, हे खरं. प्रॅक्टिसही लवकर बसत नाही. बरोबरीचे डॉक्टर स्वतःचं क्लिनिक थाटत असतात, तेव्हा फेलो कुठल्यातरी प्रयोगशाळेत नाहीतर गावोगाव रक्ताचे नमुने गोळा करत असतो. आणि फेलोशिप संपली त्या दिवशी हिशेब मांडला, तर एकदोन पेपर सोडून हाती फारसं काही दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच की तो हिशेब त्या दिवशी मांडायचाच नसतो.

हॉवर्ड फ्लोरींचं बघा. पेनिसिलिन म्हटलं की आपल्याला फ्लेमिंग आठवतात, पण बुरशीतल्या त्या द्रव्याचं औषध केलं ते ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि त्यांचे सहकारी चेन व हीटली यांनी. फ्लोरी मूळचे ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे डॉक्टर. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला आले आणि १९२५ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनची फेलोशिप घेऊन अमेरिकेला गेले. तिथे फिलाडेल्फियात आल्फ्रेड न्यूटन रिचर्ड्स यांच्या हाताखाली त्यांनी काही महिने काम केलं. तेव्हा पेनिसिलिनचा शोधही लागलेला नव्हता.

आता थेट १९४० चा मे महिना. ऑक्सफर्डमध्ये आठ उंदरांना स्ट्रेप्टोकोकस हे जीवघेणे जंतू टोचले. चौघांना पेनिसिलिन दिलं, चौघांना नाही. औषध न मिळालेले चारही सकाळपर्यंत मेले. पुढच्या फेब्रुवारीत अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला ते दिलं. ताप उतरला, भूक लागली. पण औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून ते परत काढायचं, शुद्ध करायचं आणि पुन्हा त्यालाच टोचायचं, असं चाललं होतं. शेवटी तेही संपलं आणि तो माणूस गेला. पेशंट सुधारताना दिसतोय आणि औषध संपलंय, याचं दुःख वॉर्डात काम केलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

युद्धात होरपळणाऱ्या इंग्लंडमध्ये मोठं उत्पादन जमेना. म्हणून जुलै १९४१ मध्ये फ्लोरी आणि हीटली अमेरिकेला गेले, तेही रॉकफेलर फाउंडेशनच्याच खर्चाने. फ्लोरी एकेका औषध कंपनीत जाऊन आले. बहुतेकांनी फारसा उत्साह दाखवला नाही. मग ते रिचर्ड्सना भेटले. रिचर्ड्स नुकतेच अमेरिकी सरकारच्या वैद्यकीय संशोधन समितीचे अध्यक्ष झाले होते, आणि समोरच्या माणसाला ते सोळा वर्षांपासून ओळखत होते. त्यांनी शब्द टाकला, कंपन्या कामाला लागल्या. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं तेव्हा जखमींसाठी पेनिसिलिन तयार होतं. १९२५ च्या फेलोशिपचं खरं फळ मला इथे दिसतं. १९४५ चं नोबेल त्यानंतरचं.

(हीटलींनाही रॉकफेलर फेलोशिप मिळाली होती, कोपनहेगनला जायची. युद्ध सुरू झालं, जाणं राहिलं, ते ऑक्सफर्डलाच थांबले आणि बेडपॅनमध्ये बुरशी वाढवून औषध गाळायच्या युक्त्या शोधत बसले. न मिळालेल्या संधीचंही असं होऊ शकतं.)

फार लांबचं वाटत असेल तर परळला या. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आली. मुंबईतल्या गरीब बायका, त्यांतही कापडगिरण्यांत राबणाऱ्या, गरोदरपणातल्या जीवघेण्या ॲनिमियाने का मरतात, हे तिला शोधायचं होतं. तिच्याकडे रूढ अर्थाने फेलोशिप नव्हती. मातामृत्यूंच्या चौकशीसाठी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनचा निधी होता. याच संस्थेची १९४९ मध्ये आयसीएमआर झाली. विल्सने आहार तपासले, माकडांवर प्रयोग केले, आणि यीस्टचा स्वस्त अर्क, म्हणजे मार्माइट, दिल्यावर या बायकांचं रक्त भरतं हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातलं नेमकं द्रव्य तिला सापडलं नव्हतं. ते पुढे इतरांनी शोधलं: फोलिक ॲसिड. आज आशाताई गरोदर बाईच्या हातावर जी लाल गोळी ठेवतात, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. एएनसी ओपीडीत, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीत, ही गोळी लिहून देताना माझ्या मुलांना हे ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्यापुरतं. फेलोशिप पैसे देते ते मुख्यतः वेळेचे. आपल्याकडे ओपीडी, वॉर्ड, परीक्षा, कागदपत्रं उरकून रात्री डेटा घेऊन बसायचं, असंच संशोधन चालतं, आणि त्यात चांगले चांगले डॉक्टर दमून सोडून देतात. २००८ मध्ये सुरू झालेल्या, संशोधनाला निधी देणाऱ्या इंडिया अलायन्स या संस्थेने डॉक्टरांसाठी पाच-पाच वर्षांच्या फेलोशिप दिल्या, त्यांचं मोल मला यासाठीच वाटतं: एकाच प्रश्नापाशी थांबायची मोकळीक, पगारासकट. घरी कर्जाचे हप्ते थकले असतील तर आधी नोकरी धरा. त्यात कमीपणा नाही. एसटीएस मात्र सोडू नका. १९७९ पासून चालू असलेली ही योजना दोन महिन्यांची आहे आणि एमबीबीएस करता करताच जमते.

आणि प्रपोजल घेऊन याल तेव्हा विषयाआधी गाइड ठरवून या. त्यांच्या नावावर पेपर किती आहेत, हे नंतर बघू. त्यांच्याकडे आधी काम केलेल्या दोघातिघांना फोन करा आणि विचारा: अडलं की अजूनही मॅडमना, सरांना फोन करता का, आणि ते उचलतात का?