स्वस्तातलं १९११ पिस्तूल घ्यायचंय, कोणतं घेऊ?

"ताई, मला १९११ घ्यायचंय, बजेट फार नाही, कोणतं घेऊ?" नेमबाजीच्या रेंजवर हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो, आणि दर वेळी उत्तर अर्धवट राहतं, कारण तेवढ्यात कुणाचा तरी नंबर लागतो नाहीतर कानावर मफ्स चढवायची वेळ येते. तर तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट बसून लिहितेय.

आधी उत्तर सांगून टाकते. पाच इंची बॅरलचं (नळीचं), पूर्ण स्टीलचं, डोळ्यांना नीट दिसतील अशा साइट्स (नेम धरायच्या खुणा) असलेलं साधं १९११ घ्या, आणि जे पैसे वाचतील ते चांगल्या मॅगझीन आणि काडतुसांत घाला. चकचकीत फिनिश, भोकं पाडलेली स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग), नक्षीकाम, यातलं काहीही निशाणा सुधारत नाही.

अजून एक, पिस्तुलाच्या प्रेमात पडायच्या आधी आपल्या देशाचा कायदा बघा. लायसन्स तर हवंच, पण काही देशांत सैन्य वापरतं ती कॅलिबर (काडतुसाची मापं) नागरिकाला मिळतच नाहीत. मेक्सिकोत .३८ सुपर या काडतुसाची १९११ एवढी लोकप्रिय झाली ती यामुळेच, .४५ सामान्य माणसाला बंद होतं. त्यामुळे आधी कॅलिबरचं विचारा, मॉडेल मग.

आता मुळात हे पिस्तूल स्वस्तात मिळतं तरी कसं? डिझाइन जॉन मोझेस ब्राउनिंग यांचं. अमेरिकन सैन्याने मार्च १९११ मध्ये शेवटची मोठी चाचणी घेतली, एका पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या, फार तापलं की पाण्यात बुडवून गार करायचं आणि पुन्हा सुरू. कोल्ट कंपनीने बनवलेलं ब्राउनिंगचं पिस्तूल एकदाही अडकलं नाही आणि २९ मार्चला ते सैन्यात दाखल झालं. १९८५ पर्यंत ते अमेरिकन सैन्याचं मुख्य पिस्तूल होतं. पेटंट कधीच संपलंय, त्यामुळे कुणीही ते बनवू शकतं आणि जगभर बनतंही. फिलिपिन्समध्ये आर्मस्कॉर बनवते, रॉक आयलंड आर्मरी या नावाने विकते. तुर्कस्तानात टिसास आणि गिरसान आहेत. स्वस्तातली बहुतेक चांगली १९११ याच मंडळींची असतात आणि मी ती बिनधास्त सुचवते, कारण त्यांचं मूळ साधं मॉडेल खरंच कामाचं असतं. नाव मोठं नाही म्हणून नाक मुरडू नका.

साधं घ्या असं मी एवढं ठासून सांगते त्यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. माझं पहिलं १९११ तीन इंची होतं, .४५ मध्ये, सेकंडहँड. दिसायला इतकं गोड की मी दुसरं काही बघितलंच नाही, आणि माझे हात लहान आहेत म्हणून मला वाटलं छोटं पिस्तूल मला सोपं जाईल. झालं उलटंच. दर दुसऱ्या मॅगझीनला ते अडकायचं, कधी रिकामं काडतूस स्लाइडमध्ये उभं राहायचं, कधी नवीन काडतूस चेंबरच्या (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) तोंडाशीच थांबायचं, आणि मी वर्षभर स्वतःच्या पकडीला दोष देत राहिले. ज्या जुन्या गनस्मिथने (बंदुका दुरुस्त करणाऱ्याने) ते शेवटी उघडून बघितलं त्यांनी मला समजावलं की हा दोष निम्मा त्या पिस्तुलाचा आणि निम्मा त्या आकाराचा आहे.

हे समजून घ्या, कारण सगळं यावरच आहे. १९११ मध्ये बॅरलच्या पाठीवर खाचा-उंचवटे असतात, ते स्लाइडच्या आतल्या खाचांत बसतात. गोळी सुटली की स्लाइड आणि बॅरल थोडं अंतर एकत्र मागे येतात, मग बॅरलच्या खालची छोटी लिंक बॅरलची मागची बाजू खाली ओढते, बॅरल सुटतं, स्लाइड एकटी मागे जाते, रिकामं काडतूस फेकते, येताना नवीन काडतूस घेऊन येते. ब्राउनिंगनी हे सगळं वेळेचं गणित पाच इंची बॅरल आणि त्या वजनाची स्लाइड धरून बसवलंय. बॅरल तीन इंचावर आणलं की स्लाइड हलकी होते, तिला मागे जायला जागा कमी मिळते, स्प्रिंग कडक करावी लागते, आणि मॅगझीनला पुढचं काडतूस वर ढकलायला वेळच कमी पडतो. महागडे कारखाने हे नीट जुळवतात, पण जुळवायला हात लागतो, आणि हाताचे पैसे स्वस्त पिस्तुलात बसत नाहीत. म्हणून कमी बजेटमध्ये छोटं १९११ नको. सव्वाचार इंची, ज्याला कमांडर साइज म्हणतात, ते एकवेळ चालेल. त्याच्या खाली जाऊ नका.

आणि लहान हातांचं म्हणाल तर मोठं पिस्तूलच सोपं जातं. साधारण १.१ किलो वजन असतं, ते वजनच धक्का खातं. मॅगझीनमध्ये काडतुसं एकाच रांगेत असल्याने मूठ बारीक असते. ट्रिगरपर्यंत बोट पोचण्याची तक्रार सैनिकांचीही होती, म्हणून तर १९२० च्या दशकात ए१ हे सुधारित मॉडेल आलं तेव्हा ट्रिगर आखूड केला आणि ट्रिगरमागे फ्रेमला (खालच्या सांगाड्याला) दोन्ही बाजूंनी खोलगट कापलं. आजच्या बऱ्याच मॉडेलांत पुन्हा लांब ट्रिगर असतो, तेव्हा लहान हात असतील तर मुद्दाम आखूड ट्रिगरवालं बघा आणि पातळ ग्रिप पॅनल (मुठीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या) लावा, चार स्क्रूचं काम आहे. माझ्या आताच्या पिस्तुलात मी एवढंच बदललंय आणि मला ते हातात घेतल्यावर दुसरं काही नको वाटतं.

दोन आधुनिक गोष्टींसाठी मात्र थोडे जास्त पैसे द्या. एक साइट्स. मूळ सैनिकी साइट्स इतक्या बारीक असतात की चाळिशीनंतर त्या दिसतच नाहीत, आणि जुन्या पद्धतीची पुढची साइट स्लाइडमध्ये ठोकून बसवलेली असते, बदलायला गनस्मिथ लागतो. खाचेत सरकवून बसवलेली असेल तर पुढे बदलणं सोपं. दुसरी गोष्ट म्हणजे रुंद शेपटीची ग्रिप सेफ्टी (मुठीच्या मागची, पकडल्यावर दबणारी सेफ्टी), जिला बीव्हरटेल म्हणतात. मूळ आकारात हॅमर (ट्रिगर दाबल्यावर पुढे आपटणारा मागचा भाग) मागे येताना अंगठा आणि तर्जनीमधली कातडी चावतो, सगळ्यांना नाही, पण ज्यांना चावतो ते पन्नास गोळ्यांतच थांबतात. डावखुरे असाल तर दोन्ही बाजूंनी चालणारी थंब सेफ्टीही (अंगठ्याने वर-खाली करायची) बघा.

स्वस्त पिस्तुलात कारखाना पैसे कुठे वाचवतो ते सांगते. फ्रेम, स्लाइड, बॅरल यांत सहसा नाही, कारण आजकालच्या मशिन हे भाग बऱ्यापैकी अचूक कापतात. वाचवतो तो फिनिशमध्ये आणि छोट्या भागांत. सेफ्टी, स्लाइड स्टॉप, सीअर (हॅमरला मागे अडकवून ठेवणारा तुकडा) असे भाग धातूची भुकटी चिकट द्रव्यात मिसळून साच्यात भरून, मग भट्टीत भाजून बनवलेले असतात, त्याला एमआयएम (मेटल इंजेक्शन मोल्डिंग) म्हणतात. लोक या शब्दाला फार घाबरतात. चांगलं केलेलं एमआयएम वर्षानुवर्षं चालतं, आणि मोडलंच तर तो भाग बदलता येतो. तसंच पिस्तूल हलवल्यावर खडखडतं म्हणून नाकारू नका. स्लाइड आणि फ्रेममधली थोडी ढिलाई निशाणा फारसा बिघडवत नाही. बॅरलचं पुढचं टोक बुशिंगमध्ये (स्लाइडच्या तोंडाशी बॅरलला धरणारी कडी) आणि मागचं स्लाइडमध्ये दर वेळी त्याच जागी बसतंय का, हे महत्त्वाचं. स्लाइड पूर्ण पुढे असताना बॅरलच्या मागच्या भागावर वरून अंगठ्याने दाबा, तो खाली-वर हलता कामा नये.

आता एक्स्ट्रॅक्टर. माझ्या मते स्वस्त १९११ चांगलं की वाईट हे या एका भागावर ठरतं. स्लाइडच्या आत मागून पुढेपर्यंत गेलेला हा लांब दांडा आहे, स्वतःच स्प्रिंगसारखा, थोडासा वाक देऊन बसवलेला. मॅगझीनमधून काडतूस वर येताना त्याच्या बुडाची कड या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली सरकते आणि तो तिला धरून ठेवतो. ताण कमी असेल तर रिकामं काडतूस मध्येच सुटतं, जास्त असेल तर नवीन काडतूस वर सरकतच नाही. म्हणजे माझ्या त्या तीन इंचीला जे होत होतं तेच. तपासायला स्लाइड काढा, डमी काडतूस आकड्याखाली सरकवा आणि स्लाइड हलकेच हलवा, काडतूस धरलेलं राहिलं पाहिजे. बिघडलं तर चांगल्या स्टीलचा नवा टाकून गनस्मिथकडून ताण लावून घ्या, या पिस्तुलावर करण्यासारखा पहिला खर्च हाच. आणि एक सवय लावून घ्या, काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये टाकून त्यावर स्लाइड सोडायची नाही, आकडा कडेवर आपटून खराब होतो. काडतूस नेहमी मॅगझीनमधूनच.

मॅगझीन म्हटलं की आठवलं, पिस्तुलासोबत येणाऱ्या मॅगझीनवरून पिस्तुलाची पारख करू नका. .४५ साठी सात काडतुसांची दोन-तीन चांगली मॅगझीन वेगळी घ्या आणि त्यांच्यावर १, २, ३ असे नंबर टाका. पिस्तूल अडकलं की नंबर लिहून ठेवा, दर वेळी तोच नंबर असेल तर दोष मॅगझीनचा, पिस्तुलाचा नाही. इतकी साधी गोष्ट, पण लोक ती न करता पिस्तूल विकून टाकतात याचं मला फार वाईट वाटतं.

कॅलिबरबद्दल माझं मत ठाम आहे. .४५ हेच मूळ, २३० ग्रेनची जड गोळी सेकंदाला साधारण २५० मीटरने जाते, धक्का जोराचा असला तरी तो हातात ढकलल्यासारखा येतो. पण पहिलं पिस्तूल असेल, आठवड्याला सराव करायचा असेल आणि कायद्याने मिळत असेल तर ९ एमएम घ्या. काडतूस स्वस्त असतं, तेवढ्याच पैशांत जास्त गोळ्या, आणि त्या वजनाच्या पिस्तुलात ९ एमएमचा धक्का जवळपास जाणवत नाही.

दुकानात परवानगी घेऊन, पिस्तूल रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासून, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून हे करा. हॅमर मागे घ्या, थंब सेफ्टी वर करा, ट्रिगर दाबा, सोडा, सेफ्टी खाली करा. हॅमर कुठेही पडता कामा नये. मग ग्रिप सेफ्टी न दाबता ट्रिगर दाबा, तेव्हाही नाही. मग स्लाइड अगदी थोडी मागे धरून ट्रिगर दाबा, तेव्हाही नाही. यातल्या एकातही पडला तर ते पिस्तूल खाली ठेवा, कितीही स्वस्त असो. सेकंडहँड घेताना तर हे जास्तच, कारण ट्रिगर हलका करायच्या नादात लोक घरी सीअर आणि हॅमर घासतात आणि मग ते पिस्तूल विकायला काढतात. सीरिज ७० आणि सीरिज ८० हे शब्द ऐकाल, या १९११ च्या आतल्या रचनेच्या दोन पद्धती. ८० मध्ये फायरिंग पिनला (काडतुसाच्या बुडावर आपटणारी सुई) अडवणारा एक जास्तीचा भाग असतो, पिस्तूल हातातून पडलं तरी पिन पुढे जात नाही, ट्रिगर किंचित जड लागतो. नवशिक्याला मी ८० च सांगेन.

१९११ नकोच असेल तर? ब्राउनिंगचंच पिस्तुलातलं शेवटचं काम म्हणजे हाय पॉवर. १९२६ मध्ये ते गेले, डिझाइन बेल्जियमच्या एफएन कारखान्यातले डिझायनर सेव्ह यांनी पूर्ण केलं, १९३५ ला आलं, ९ एमएम, १३ काडतुसं. त्याच्याही तुर्की आवृत्त्या मिळतात आणि त्या छान आहेत. चेक बनावटीचं सीझेड ७५ पण उत्तम, मूठ अप्रतिम. टोकारेव्ह या सोव्हिएत पिस्तुलाच्या नादी पहिल्यांदाच लागू नका, मूळ डिझाइनला हाताने लावायची सेफ्टीच नाही.

घरी आणल्यावर कारखान्यातलं तेल पुसा, स्लाइड ज्यावर सरकते त्या रुळांवर नवीन तेल जरा जास्तच लावा, नवीन १९११ ला कोरडं चालत नाही. पहिल्या दिवशी मॅगझीनमध्ये दोनच काडतुसं भरून सुरुवात करा, दुसरी गोळी आपोआप भरली जातेय, एका दाबात एकच सुटतेय, मग पूर्ण भरा. साध्या गोल नाकाच्या गोळीच्या २००-३०० फैरी होईपर्यंत काही ठरवू नका, या काळात एखाद-दुसऱ्यांदा अडकलं तर चालतं. त्यानंतरही अडकत असेल तर घरी कानस घेऊन बसू नका, वॉरंटीत परत पाठवा, आणि सोबतच्या चिठ्ठीत मॅगझीनचे नंबर आणि कुठल्या गोळीला काय झालं तेवढं लिहा.