लक्झरी गाडीचा गिअरबॉक्स वॉरंटीत दुरुस्त करून घेतला, माझा अनुभव

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. जर्मन सेडान आहे, पेट्रोल, सात गिअरची ड्युअल क्लच ऑटोमॅटिक. एक्स्टेंडेड वॉरंटी संपत आली होती आणि तेव्हाच पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना झटके सुरू झाले, तेही फक्त ट्रॅफिकमध्ये, गाडी चांगली तापल्यावर. मग एकदा खंबाटकी घाटात वॉर्निंग लागून गाडी लिंप मोडमध्ये गेली, म्हणजे बिघाड वाढू नये म्हणून गाडी स्वतःच मोजकेच गिअर चालू ठेवते तसं, फक्त विषम गिअर पडत होते, रिव्हर्स तर नाहीच, मागे ट्रकची रांग आणि आई गाडीत. तेव्हा ठरवलं, आता हे सोडायचं नाही.

सर्व्हिस सेंटरवाले गाडी ठेवून घ्यायचे, सकाळी थंड गाडी रिकाम्या रस्त्यावर फिरवायचे आणि जॉब कार्डवर लिहायचे 'तक्रार आढळली नाही'. वर "सर, ऑटोमॅटिकला एवढं चालतंच". अहो, एवढे पैसे मोजून घेतलेल्या गाडीला का चालावं?

शेवटी चांदणी चौकाच्या गर्दीत गाडी नीट तापवली, इंजिन बंद न करता थेट वर्कशॉपला नेली आणि टेक्निशियनला म्हटलं, दादा, स्कॅनर लावा आणि माझ्या शेजारी बसा. सिग्नलवरून निघालो तसा झटका बसला, लॅपटॉप त्याच्या मांडीवरून घसरला, आणि तोच म्हणाला, "सर, हे नॉर्मल नाहीये." मेकॅट्रॉनिक्सचा, म्हणजे क्लच आणि गिअर हलवणारं जे हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक युनिट असतं त्याचा, हायड्रॉलिक प्रेशरचा फॉल्ट कोड आला होता, सोबत फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला तेव्हाचं तापमान, आरपीएम, स्पीड सगळं नोंदलेलं. त्याची प्रिंट तिथेच मागून घेतली आणि कोड जॉब कार्डवर लिहून सही घेतली.

तरी क्लेम अडलाच. म्हणे क्लच झिजणारा पार्ट आहे, वॉरंटीत बसत नाही. पण कोड क्लचचा नव्हता, मेकॅट्रॉनिक्सचा होता. हेच कंपनीच्या कस्टमर केअरला मेल केलं, प्रिंट, व्हिडिओ, सर्व्हिसची सगळी बिलं जोडून. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार टाकली. 2019 च्या ग्राहक कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात केस करता येते, वस्तूला दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगातच, केस करायची मुदत 2 वर्षं, हे मेलमध्ये स्पष्ट लिहिलं, कारण खरंच करणार होतो. त्यानंतर मात्र त्यांचा टेक्निकल माणूस गाडी बघायला आला आणि मेकॅट्रॉनिक युनिट वॉरंटीत मंजूर झालं. बदलल्यावर अडॅप्टेशन, म्हणजे नवीन युनिट स्कॅनरने गाडीच्या क्लच-गिअरशी जुळवून घेणं, केलं का ते आवर्जून विचारा, नाहीतर नवीन युनिट टाकूनही गिअर नीट पडत नाहीत.

आता इंजिन. ऑइल पितंय, टॉपअप करून करून वैताग आलाय. हजार किलोमीटरला अर्धा लिटर चालतं म्हणे, ठीक आहे, मग मोजा की! ऑइल भरून सील लावून हजार किलोमीटर चालवली, आकडा त्यांच्याच लिमिटच्या वर आला. तो रिपोर्ट सहीशिक्क्यासकट घेतलाय आणि पिस्टन रिंगचा (याच खराब झाल्या की इंजिन ऑइल जाळतं) क्लेम वॉरंटी चालू असतानाच नोंदवलाय. उत्तर आलं की इथेच लिहितो, कोणाचा असा क्लेम मंजूर झाला असेल तर प्लीज सांगा.