त्या एका सेकंदात मन कुठे ठेवायचं?

"वहिनी, तुमचा डावा हात आज काय सरळ राहतोय हो!" दीर म्हणाला, आणि माझी गोल्फची फेरी तिथेच संपली.

त्याच्या मनात काही खोट नव्हती. (तेव्हा मला तशी शंका आली होती, पण तो विषय वेगळा.) चौदाव्या होलपर्यंत मी बरी खेळत होते, माझ्या मानाने. पंधरावं होल पार तीनचं (म्हणजे तीन फटक्यांत संपवायचं), ग्रीनच्या (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) अलीकडे पाणी, झेंडा 118 यार्डांवर, हातात माझं लाडकं सात नंबरचं आयर्न (लोखंडी पात्याचा क्लब). चेंडूपाशी उभी राहिले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मला जाणवलं की आपल्याला डावं कोपर आहे. क्लब मागे नेताना डोळे चेंडूवरच होते, मन मात्र कोपरात जाऊन बसलेलं. सरळ आहे ना? अजून आहे ना? चेंडू पात्याच्या मधोमध लागायच्या ऐवजी दांडा जिथे पात्याला जोडलेला असतो तिथे लागला आणि थेट उजवीकडच्या झाडीत घुसला. याला शँक म्हणतात. खेळणारे हा शब्द मैदानावर मोठ्याने उच्चारतही नाहीत, इतकी त्याची धास्ती. उरलेली तीन होल मी कोपराला सोबत घेऊनच खेळले.

मी पोटापाण्यासाठी प्रुफं तपासते. या कामात एक खोड मुद्दाम लावून घ्यावी लागते, ती म्हणजे अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही. मजकुरात रंगलात की संपलं, डोळा शब्दांवरून घसरत जातो आणि ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं बिनबोभाट निसटतं. म्हणून अक्षरं सुटी सुटी बघायची. पण हीच खोड बोलताना वापरली तर? प्रत्येक अक्षर जिभेच्या कुठल्या टोकाने फुटतंय हे बघत बोलायला लागले तर दुसऱ्या वाक्याला त-त-प-प होईल. त्या दिवशी घरी येताना हे डोक्यात आलं. मला तिथे एक वाक्य बोलायचं होतं आणि मी त्याचं प्रूफ तपासत बसले होते.

या सगळ्याला वेळ किती असतो, तेही पाहा. चांगल्या खेळाडूचा क्लब वर जायला साधारण पाऊण सेकंद लागतो आणि खाली चेंडूपर्यंत यायला पाव सेकंद. चेंडू आणि पातं एकमेकांना भिडलेली असतात ती जेमतेम अर्धा मिलिसेकंद. काहीतरी चुकतंय हे कळून हाताने त्यावर काही करेपर्यंतच पाव सेकंदाच्या आसपास वेळ निघून जातो. म्हणजे क्लब खाली येत असताना मी कोपराला जी सूचना देते, ती कोपरापर्यंत पोचते तेव्हा चेंडू झाडीत असतो. सूचना वाया गेली एवढंच असतं तरी चाललं असतं. ती वाया जाता जाता चालू असलेलं कामही बिघडवून जाते.

माझ्या गोल्फच्या सरांवर माझा राग नाही. डोकं हलवू नका, डावा हात सरळ, उजवं कोपर बरगडीजवळ, कंबर आधी सोडा, वजन डाव्या पायावर: यातली एकही गोष्ट चूक नाही. फक्त ही सगळी रेंजवर (सरावाच्या मैदानावर), सावकाश, अर्ध्या स्विंगमध्ये (क्लबच्या अर्ध्याच झोक्यात), आरशासमोर करायची कामं आहेत. त्या एका सेकंदासाठी मनाला काय काम द्यायचं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. "काहीच विचार करू नका," असं मात्र बऱ्याच जणांनी सांगितलं. करून बघा. रिकामं मन सैतानाचं घर म्हणतात, आणि माझ्या बाबतीत त्या सैतानाला कोपर असतं.

मग मी वाचायला बसले (वाचणं हाच धंदा). या विषयात सगळ्यात जास्त घाम गाळलेली बाई म्हणजे संशोधक गॅब्रिएला वुल्फ. तिला मूळ प्रश्न विंडसर्फिंग करताना पडला. पाण्यावर वळण घेताना पायांनी कसा दाब द्यायचा याकडे लक्ष दिलं की ती पडायची, फळी कशी कलते याकडे लक्ष दिलं की वळण जमायचं. पाय आणि फळी! दोन्ही एकमेकांना चिकटलेले, मध्ये बोटभरही अंतर नाही. पण मन कातडीच्या आत आहे की बाहेर, यावर सगळं फिरतं. 1998 मध्ये तिने आणि सहकाऱ्यांनी स्कीइंगच्या यंत्रावर हे तपासलं आणि 1999 मध्ये गोल्फच्या पिच शॉटवर (जवळून ग्रीनवर उंच टाकायचा छोटा फटका). नवख्या लोकांचे दोन गट केले. एकाला हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं, दुसऱ्याला क्लबच्या झोक्याकडे. क्लबवाले सराव करतानाही जास्त अचूक होते, आणि नंतर काहीही सूचना न देता परीक्षा घेतली तेव्हाही.

असं का होतं याचं तिने जे कारण सांगितलंय ते मला पटतं, कारण ते माझ्या सहीला लागू पडतं. एरवी माझी सही झोपेतही एकसारखी येते. पण "नमुन्याप्रमाणेच करा बरं का," असं कुणी म्हटलं की मी एकेक वळण काळजीपूर्वक काढते आणि ती सही माझी वाटतच नाही. ज्या हालचाली शरीर आपसूक जुळवतं, त्यांत मन जाणूनबुजून लगाम खेचायला लागलं की नेमकं तिथेच घोडं पेंड खातं.

पण बाहेर म्हणजे किती बाहेर? 2009 मध्ये बेल आणि हार्डी या दोघा संशोधकांनी तयारीच्या खेळाडूंवर हे पाहिलं. काहींना हात-मनगटाकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना क्लबच्या पात्याकडे, काहींना चेंडू हवेतून कसा जाणार याकडे. सगळ्यात अचूक तिसरे, मग पात्यावाले, मग मनगटवाले. मुद्दाम दडपण आणलं तरी क्रम तोच. म्हणजे हात जितके मुरलेले, तितकं मन लांब पाठवता येतं. नामांकित गोल्फर जॅक निकलॉस तर मारायच्या आधी चेंडू कुठे जाऊन थांबलाय ते डोळ्यांसमोर आणायचा, मग त्याचा हवेतला मार्ग, आणि शेवटी ते घडवणारा स्विंग. सगळं उलट्या दिशेने.

मी काही निकलॉस नाही. म्हणून रेंजवर जाऊन आपलं आपण पडताळून पाहायचं ठरवलं. तीन आठवडे, दर वेळी चार बादल्यांऐवजी एकच बादली चेंडू, आणि प्रत्येक दहा चेंडूंना मनाचा पत्ता बदलायचा. कोपर परत घेतलं नाही, त्याच्याशी माझं झालंय. पहिला पत्ता क्लबचं डोकं. ते बरं होतं, पण क्लब वर गेला की ते माझ्या मागे कुठेतरी असतं आणि मी मनातल्या मनात मान वळवून त्याला शोधत राहते. दुसरा पत्ता झेंडा. चेंडूकडे पाहत असताना झेंडा डोक्यात धरून ठेवणं मला दीड सेकंदापलीकडे जमत नाही; चित्र विरतं आणि रिकाम्या जागेत ते आपलं कोपर हजर.

तिसरा पत्ता सापडला तो अपघाताने. आयर्नचा चांगला फटका चेंडूला आधी लागतो आणि गवताला नंतर. म्हणजे मातीचा तुकडा उडतो तो चेंडूच्या पुढे, मागे नाही. तर चेंडूच्या पुढे चार बोटांवर एक गवताची काडी होती, इतरांपेक्षा फिकट, टोकाला जरा करपलेली. मी ठरवलं की मला चेंडू मारायचाच नाहीये, ती काडी कापायची आहे. क्लब गेला. आवाज वेगळाच आला, फट्ट नाही, टच्च. हातांना काही लागल्यासारखंच झालं नाही. चेंडू कुठे गेला हे मी पाहिलंच नाही, कारण काडी कापली गेली का हे बघण्यात गुंतले होते. (कापली गेली होती. तिच्यासकट वीतभर हिरवळही.) वजन डाव्या पायावर न्या, मनगट लवकर सोडू नका, म्हणून सर वर्षभर जे सांगत होते ते सगळं त्या काडीने न सांगता करून घेतलं. डाव्या पायावर न जाता ती काडी कापताच येत नाही, करून बघा.

आता आयर्न असलं की मी काडी शोधते. ग्रीनच्या जवळ, वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) हातात असलं की काडी नाही, चेंडू जिथे पहिला टप्पा घेणार ती जागा. वीस यार्डांवरची जागा तेवढा वेळ मनात टिकते. ड्रायव्हरला (सगळ्यात लांब मारायच्या क्लबला) मात्र दोन्ही चालत नाही. चेंडू टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर असतो, खाली कापायला काही नसतं, आणि अडीचशे यार्डांवरचं झाड (माझ्यासाठी दीडशेच्या पुढचं सगळं अडीचशे) फार लांब. तिथे मी चक्क मोजते, वर जाताना एक-दोन-तीन, खाली येताना चार. वरचं आणि खालचं प्रमाण तीनास एक असतं, त्यात ते बरोबर बसतं. पण हा उपाय तात्पुरता आहे असं मला आतून वाटतं, कारण तीन आणि चारच्या मध्ये अजूनही एक फट राहते.

जाता जाता "डोकं खाली ठेवा" वाल्यांना एक चिमटा. ॲनिका सोरेनस्टॅम आणि डेव्हिड डुव्हल, दोघंही जगात पहिल्या क्रमांकावर राहिलेले. दोघांचंही डोकं चेंडू लागायच्या क्षणीच लक्ष्याकडे वळलेलं असायचं. चेंडू वरून खरवडला जाण्याला दर वेळी वर आलेलं डोकंच जबाबदार असतं, हे मला आता मान्य नाही.

पटिंगमध्ये, म्हणजे ग्रीनवरून चेंडू घरंगळत होलमध्ये घालताना, गोष्ट डोळ्यांवर येते. संशोधक जोन विकर्सने खेळाडूंची नजर टिपून दाखवलं की पटिंगमध्ये तरबेज खेळाडू चेंडूच्या एकाच ठिकाणी दोनेक सेकंद नजर रोवतात, आणि चेंडू गेल्यावरही ती क्षणभर तिथेच, रिकाम्या गवतावर राहते. कच्च्यांची नजर चेंडू, पटर (पटिंगचा क्लब), होल अशी भटकत राहते. उलट जॉर्डन स्पीथ 2015 मध्ये मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकला तेव्हा छोटे पट चेंडूकडे न बघता होलकडे बघत मारत होता. वरवर या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात. पण दोन्हींत नजर एका जागी बसलेली आहे आणि मनगटाकडे कुणाचंच लक्ष नाही.

दडपणाचं काय? रिच मास्टर्स नावाच्या संशोधकाने 1992 मध्ये काही लोकांना नियम सांगून पटिंग शिकवलं, आणि काहींना तोंडाने अक्षरं बडबडायला लावून, म्हणजे नियम मनात जुळायलाच नकोत म्हणून. दडपण आणल्यावर नियमवाले अडखळले, बडबडणारे नाही. मला हे वाचून आनंदही झाला आणि वाईटही वाटलं, कारण माझ्या डोक्यात नियम भरून झालेत, ते आता कसे काढायचे? लुई उस्टहायझनने 2010 च्या ओपन स्पर्धेत, सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर, हातमोज्यावर एक लाल ठिपका काढला होता. फटक्याआधी तो त्याकडे बघायचा, की झालं, आता विचार बंद. सात फटक्यांनी जिंकला. रोरी मॅकिलरॉय 2014 च्या ओपनमध्ये दोन शब्द घेऊन फिरत होता, 'प्रोसेस' आणि 'स्पॉट'. दुसरा पटिंगसाठी, ग्रीनवरच्या ज्या ठिपक्यावरून चेंडू न्यायचा त्याचा.

मीही ठिपका लावला. चिकटणारा, लाल. तिसऱ्या होलला त्याची एक कड सुटली आणि उरलेली फेरी मी ती कड नखाने दाबत खेळले. प्रुफं तपासणाऱ्या बाईच्या हातावर असलं काही लावू नये.

गेल्या रविवारी पुन्हा पंधरावं होल, पाणी तसंच, झेंडा थोडा उजवीकडे. काडी मिळेना, गवत नुकतंच कापलेलं. शेवटी एक वाळलेलं पान होतं चेंडूच्या किंचित पुढे, त्याचं देठ धरलं. चेंडू पाण्यापलीकडे पडला, ग्रीनच्या कडेला. दीर म्हणाला, "वहिनी, हा कसा मारलात हो? काय केलंत नक्की?"

मी खरंच आठवून पाहिलं. संशोधक सायन बाइलॉकच्या प्रयोगांतले पटिंगमधले तरबेज खेळाडू आठवले, ज्यांना आपण आत्ताच मारलेला पट नीट सांगता येत नव्हता. वेडावाकडा पटर हातात दिला तेव्हाच त्यांना सगळं आठवायला लागलं. मला फक्त देठ आठवत होतं, तपकिरी, डावीकडे वाकलेलं.

"पान कापलं," मी म्हटलं. त्याने पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आपलं आयर्न काढून चेंडूपाशी गेला. मी म्हणणार होते, भाऊजी, तुमची कंबर आज काय छान वळतेय. नाही म्हटलं.