आमची वाटचाल : आधी निदान, मग दाबबिंदू

आम्ही दोघा उपचारकांनी एका खोलीत, दोन खाटांवर ॲक्युप्रेशर केंद्र सुरू केले, तेव्हा येणारे बहुतेक जण पाठ, मान किंवा गुडघेदुखीसाठी येत. गिळण्याच्या त्रासाकडे आमचे लक्ष वळले ते पक्षाघातातून सावरणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांमुळे. आम्ही त्यांच्या लुळ्या हातावर उपचार करत असताना त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "हाताचं राहू द्या हो, पाण्याच्या घोटाघोटाला यांना ठसका लागतो, त्याचं काही करता येईल का?" त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, म्हणून आम्ही अभ्यासाला लागलो.

चिनी परंपरेने सांगितलेले दाबबिंदू शिकायला वेळ लागला नाही. हनुवटीखाली, कंठमण्याच्या वर मध्यरेषेवर असलेला लियानच्युआन, छातीच्या हाडाच्या वरच्या खोबणीतला त्यांतू, अंगठा व तर्जनी यांच्यामधला हेगू, मनगटाच्या आतल्या बाजूला घडीपासून तीन बोटे वर असलेला नेइग्वान आणि गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवरचा झूसानली हे त्यांतले मुख्य. गिळण्याची क्रिया समजून घेणे मात्र फार अवघड गेले. एक घास पोटात जाताना जीभ, घसा आणि अन्ननलिका यांचे अनेक स्नायू ठरलेल्या क्रमाने हलतात, मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या 5 जोड्या त्यांना चालवतात, आणि घशातला टप्पा जेमतेम सेकंदभरात उरकतो. तेवढ्यात श्वासनलिका झाकली गेली नाही, तर अन्न फुप्फुसाकडे जाते, आणि काही रुग्णांत तर ठसका न लागताही जाते.

सुरुवातीच्या काळात आमच्याकडून एक गंभीर चूक घडली. घास छातीत अडकतो अशी तक्रार घेऊन आलेल्या एका गृहस्थांवर आम्ही काही आठवडे उपचार केले आणि त्यांना बरे वाटते आहे यावरच समाधान मानले. आधी फक्त पोळी अडकत होती, पुढे भातही अडकू लागला आणि वजन उतरत गेले, तरी त्याचा अर्थ आमच्या ध्यानात आला नाही. एंडोस्कोपीत अन्ननलिकेत गाठ निघाली. ते आठवडे आम्ही त्यांना परत देऊ शकलो नाही, याची बोच आजही आहे.

तेव्हापासून डॉक्टरांचे निदान हाती असल्याशिवाय गिळण्याच्या तक्रारीवर आम्ही बिंदू दाबत नाही. या नियमामुळे बरेच जण परत गेले आणि एक काळ असा आला की भाडे कसे भरावे हा प्रश्न पडला, तरीही नियम आम्ही सोडला नाही. मानेच्या दोन्ही बाजूंना, जिथे नाडी लागते, तिथे आम्ही मुळीच दाब देत नाही, कारण त्याने हृदयाचे ठोके मंदावून रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. त्यांतूवरही बोट हलकेच टेकवतो, कारण खाली श्वासनलिका आहे. गरोदर स्त्रियांसाठी हेगू वर्ज्य ही परंपरेची सूचनाही पाळतो.

आज आमचे बहुतेक रुग्ण पक्षाघातानंतरचे किंवा पार्किन्सनचे (कंपवाताचे) असतात, आणि गिळण्याचे व्यायाम ते स्पीच थेरपिस्टकडे करत असतात. आमचा उपचार त्या व्यायामांना जोड म्हणूनच असतो. पक्षाघातानंतर काही सुधारणा आपोआपही होते, त्यामुळे सुधारणेचे श्रेय आम्ही बिंदूंना देत नाही आणि खात्रीशीर गुण येईल अशी जाहिरात करत नाही. मान आणि खांदे सैलावून रुग्ण शांतपणे जेवायला बसतो, एवढे मात्र आम्ही रोज पाहतो, आणि ज्याला प्रत्येक घासाची धास्ती वाटते त्याच्यासाठी तेही मोलाचे आहे असे माझे मत आहे.

"बरे वाटते का" हा प्रश्न आता आमच्या नोंदवहीत नाही. जेवायला किती वेळ लागला, किती वेळा ठसका लागला, जेवणानंतर आवाज घोगरा किंवा ओलसर झाला का, आणि आठवड्याचे वजन किती, एवढे घरच्यांनी लिहून आणायचे असते. वजन घटू लागले किंवा वारंवार ताप येऊ लागला, तर उपचार थांबवून आम्ही रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवतो. घरच्यांना नेइग्वान आणि झूसानली दाबायला आम्ही आनंदाने शिकवतो, परंतु त्याआधी रुग्णाला ताठ बसवून भरवणे, घास लहान ठेवणे आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ न देणे हे त्यांच्याकडून करवून घेतो.